रेडटेलच्या ‘जोडी’साठी कर्ज काढावं का?

प्रश्न : पुण्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. दोन वर्षांपूर्वी प्रत्येकी ६०० रुपयांना घेतलेली रेडटेल कॅटफिशची दोन पिल्लं आता दोन-दोन फुटांची झालीत, सहा फुटी टँक पुरत नाही. ओळखीचा ब्रीडर म्हणतो, नर-मादी आहेत, आठ बाय चारचा टँक कर आणि पिल्लं विक. अडीच लाखांचं पर्सनल लोन मिळतंय, १४ टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी. दुसरीकडे मोठं तळं असलेला एक हौशी दोन्हींचे ३५ हजार देतोय. महिन्याला खाणं-वीज धरून साडेचार हजार जातात. काय करू?

उत्तर : ३५ हजार घ्या, आणि लवकर घ्या.

आधी त्या ‘जोडी’बद्दल. रेडटेलचा नर कोणता नि मादी कोणती, हे बाहेरून खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही. अंड्यांवर आलेली मादी पोटात रुंद दिसते म्हणावं, तर भरपेट जेवलेला नरही तसाच दिसतो. आणि हा मासा उपाशी कधी असतो? बाजारातली पिल्लं येतात ती आग्नेय आशियातल्या फार्मवरून. तिथे मोठ्या तळ्यांत पैदाशीचे मासे सांभाळतात आणि हार्मोनचं इंजेक्शन देऊन अंडी घ्यावी लागतात. घरच्या टँकमध्ये हे होणार नाही, असंच धरून चाला. समजा झालंच, तरी तुमची स्पर्धा त्याच ६०० रुपयांच्या पिल्लाशी. ब्रिसलनोज सकर या छोट्या टँकमाशाची गोष्ट निराळी. त्याच्या नराच्या थोबाडावर मिशांचं जंगल उगवतं, तो घरच्याच टँकमध्ये कपारीत बसून अंडी राखतो. तिथे ‘जोडी’ म्हणून जास्त दर मागण्यात अर्थ आहे. इथे नाही.

आता कर्ज. हप्ता साधारण साडेआठ हजार, तीन वर्षांत व्याजच ५७ हजारांवर. त्यात महिन्याचे साडेचार हजार मिळवा, म्हणजे दरमहा १३ हजार बाहेर आणि आत शून्य. शिवाय नवा टँक अडीच फूट उंच धरला तर नुसतं पाणीच सव्वादोन टनांच्या पुढे. चौरस मीटरला साडेसातशे किलोंहून जास्त. घरांच्या स्लॅबवर असा वापराचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरला न विचारता हे करू नका; आणि विचारलंत तर तो बहुधा नकोच म्हणेल.

‘दोन वर्षांत लाखभर खर्च झाला, मग ३५ हजारांत कसं देऊ?’ हा विचार मनात असणारच. पण गेलेला खर्च समोरचा किमतीत धरत नाही. लहान मासा इंचावर विकला जातो, फुटाभरापर्यंत दर चढतो. त्यापुढे मासा वाढतो आणि गिऱ्हाईक घटतं, कारण मीटरच्या पुढे जाणाऱ्या माशाला पुरेल एवढं पाणी किती जणांकडे असतं? तुमच्याकडे असं गिऱ्हाईक चालून आलंय. दर महिन्याला थांबण्याची किंमत साडेचार हजार.

विकताना ‘जोडी’ हा शब्द तोंडी आणू नका. टेप लावून फोटो आणि खातानाचा व्हिडिओ द्या. टायगर शोव्हेलनोज या दुसऱ्या कॅटफिशशी संकर असल्याची शंका असेल तर तीही सांगा. तसे मासे बाजारात भरपूर आहेत. पाच हजार आगाऊ घ्या, बाकी मासा पोहता दिसल्यावर. हलवण्याआधी दोन दिवस खाणं बंद. जाळी वापरू नका, छातीच्या पराचे काटे त्यात अडकतात. प्लॅस्टिकची पिशवीही फाडतात. झाकणाचा मोठा ड्रम आणि बॅटरीवरचा एअर पंप बरा.

सौदा फिसकटला तर किंमत उतरवा, फुकटही द्या, पण खडकवासल्यात सोडू नका. उजनी धरणात असेच बाहेरून आलेल्या सकर माशांनी मच्छीमारांची काय गत केलीय, ते तिथे जाऊन विचारा.

३५ हजार आले की आधी लिक्विड फंडात (हवे तेव्हा पैसे काढता येणारा म्युच्युअल फंड) टाका. सहा फुटी टँक मात्र महिनाभर विकू नका, मासे परत आले तर लागेल. रिकामा टँक घरात बघवत नसेल तर ब्रिसलनोज आणा, कर्जाशिवाय.