मुलगा चर्चला येत नाही, म्हणजे आई म्हणून मी कमी पडले का?

ताई, जय ख्रिस्त. तुम्ही लिहिलंय की मोठा नववीत आहे, रविवारी क्लासची टेस्ट असते म्हणतो, आणि नसली तरी ‘बोअर होतं’ म्हणून चर्चला येत नाही. धाकटी त्याचं बघून कुरकुरायला लागली आहे. नवरा नाताळ आणि ईस्टर सोडला तर फिरकत नाही. सासूबाई म्हणतात, आईनेच वळण लावलं नाही. आणि शेवटी विचारलंय, मी कमी पडले का?

नाही. हे आधी सांगून टाकते, बाकीचं त्यानंतर.

मी नागपूरचीच. सदरमध्ये वाढले, पुष्कळ वर्षं संडे स्कूलला शिकवलं, दोन मुलं मोठी केली. मुलगी नियमाने उपासनेला जाते. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो जातो की नाही हे मी विचारणं सोडलंय. दोघांची आई एकच, घरातली प्रार्थना एकच, संडे स्कूलच्या बाईही त्याच. तेव्हा ‘असं केलं की असं होतं’ अशी कृती तुम्हाला माझ्याकडून मिळणार नाही.

बायबलमधलं नीतिसूत्रे 22:6 तुम्हाला नक्कीच कोणीतरी ऐकवलं असेल. मुलाला योग्य ते शिक्षण दे, म्हातारपणीही तो ते सोडणार नाही. आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, हे वचन आयांच्या अंगावर फेकायची पद्धत आहे. पण ते नीतिसूत्र आहे, करारनामा नाही. शमुवेलासारखा संदेष्टा, पण त्याचे मुलगे लाच खायचे. 1 शमुवेल 8 मध्ये सरळ लिहिलं आहे. शमुवेलाला लहानपणी सांभाळणाऱ्या याजक एलीच्या मुलांचं तर बोलायलाच नको. आणि तिथे कुठेही शमुवेलाच्या बायकोने वळण लावलं नाही असं म्हटलेलं नाही, हे सासूबाईंना सांगता आलं तर सांगा. (नका सांगू. मनात ठेवा.)

नवऱ्याबद्दल. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचं घर आठवा. पौल दुसऱ्या पत्रात त्याला लिहितो की तुझ्यातला विश्वास आधी तुझ्या आजीत, लोईसमध्ये होता, मग तुझ्या आईत, युनीकेत. वडिलांचं नावही नाही. प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये एवढंच कळतं की ते हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, होते. म्हणजे घरात विश्वासाची बाजू दोन बायकाच सांभाळत होत्या, आणि पोरगा बालपणापासून शास्त्र शिकला होता. तुमचं घर काही अपुरं नाही. नवऱ्याला मुलांसमोर टोमणे मात्र मारू नका. ‘तुझे पप्पा येत नाहीत म्हणून तू असा’ हे एकदा मुलाने ऐकलं की चर्च म्हणजे आई आणि पप्पांच्या भांडणातली एक बाजू होऊन बसते, आणि तो कुठली बाजू घेईल सांगता येत नाही.

आता मुलगा. त्याला चर्चला आणणं आणि त्याला विश्वासात वाढवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं रविवारी सकाळी होतं, दुसरं उरलेल्या आठवड्यात. बायबलमधल्या ‘अनुवाद’ ह्या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात देवाची वचनं मुलांना कधी सांगायची ते दिलं आहे: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना. तिथे मंदिराचा उल्लेख नाही. तुम्ही रोज त्याला ॲक्टिव्हावर क्लासला सोडत असाल, तर ती वाट हीच. मागे बसलेला मुलगा तोंडासमोर नसतो, तुमच्या डोळ्यांत त्याला बघावं लागत नाही, म्हणून तो बोलतो. माझ्या मुलाने सगळ्यात अवघड प्रश्न मला असेच स्कूटरवर विचारले. सुझाना वेस्ली नावाची एक आई इंग्लंडमध्ये होऊन गेली, मेथडिस्ट चळवळ ज्यांच्यापासून सुरू झाली त्या जॉन आणि चार्ल्स वेस्लीची आई. घरात पोरांचा नुसता कालवा. तिने आठवड्यातली संध्याकाळ ठरवून दिली होती, एकेका मुलाशी एकटीने बोलायची. जॉनचा वार गुरुवार, चार्ल्सचा शनिवार. ह्यातलं एवढंच घ्या की दोन्ही मुलांना एकत्र बसवून जे होत नाही, ते एकेकाशी होतं. तिच्या बाकीच्या शिस्तीचं अनुकरण करायला मी कुणाला सांगणार नाही, फार कडक बाई होती.

तो म्हणतो ‘बोअर होतं’. बहुतेक वेळा ह्या शब्दामागे दुसरं काही तरी असतं. वयाच्या ह्या टप्प्यावर मुलांना प्रश्न पडतात आणि ते विचारले तर आई दुखावेल असं त्यांना वाटतं. आजोबांसाठी सगळी मंडळी प्रार्थना करत होती, मग ते का गेले? असा प्रश्न आला तर पाठ केलेलं उत्तर देऊ नका. ‘मलाही कळलं नाही’ म्हणा, कळलं नसेल तर. मग त्याला स्तोत्र 88 वाचायला द्या. त्या स्तोत्राचा शेवट अंधारात होतो, कुठे दिलासा नाही, आणि तरी ते बायबलमध्ये आहे. देवाशी असं बोललेलं चालतं, हे कळलं की पुष्कळ मुलांना हायसं वाटतं.

आणखी एक गोष्ट, जी नागपुरातल्या मुलांच्या बाबतीत मी सारखी पाहते. शाळेत विचारतात, तुझं आडनाव तर मराठी, मग तू ख्रिश्चन कसा? कोणी म्हणतं तुमचा धर्म इंग्रजांचा. मुलगा घरी येऊन हे सांगत नाही, पण रविवारी बायबल हातात घेऊन रस्त्याने जायची त्याला लाज वाटायला लागते. त्याला त्याच्याच गावाची गोष्ट सांगा. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले, शाळा काढली. मिशनरी होते आणि दगडवेडेही. इथलं टाकळीच्या भागातलं खनिज त्यांच्या नावाने हिस्लोपाइट म्हणून ओळखलं जातं. 1863 मध्ये टाकळघाटजवळ रात्री पुराचा नाला ओलांडताना बुडून गेले. हिस्लॉप कॉलेज 1883 चं. सायन्सचा क्लास लावलेल्या पोराला हे पाळकसाहेबांच्या उपदेशापेक्षा जास्त आवडेल. 29 नोव्हेंबर 1970 ला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेही ह्याच शहरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये. तो ज्या रस्त्याने मोमो खायला जातो, तिथलं.

आणि कवी ना. वा. टिळकांचं सांगा. नागपुरात राहिलेले, नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघालेले, आणि डब्यातल्या एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हातात बायबल दिलं. ती 1893 ची गोष्ट. बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला. नंतर त्यांनी अभंग-ओवीच्या वळणाची जी भजनं लिहिली, ती आपण अजून गातो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मात्र नवऱ्याच्या पाठोपाठ उडी मारली नाही. रागावल्या, वेगळ्या राहिल्या, स्वतः बघितलं, पारखलं, आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळकांसारखा माणूस घरात असून त्यांची वेळ टिळकांना ठरवता आली नाही. तुमच्या मुलाची तुम्हाला कशी ठरवता येईल?

ह्याच कारणाने सांगते, दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गाला त्याच्या वयाची सगळी मुलं जातात म्हणून त्याला ढकलू नका. एखाद वर्ष थांबला तर काही बिघडत नाही. लोक विचारतील, विचारू द्या.

मोनिकेचं उदाहरणही तुम्हाला देतील, संत ऑगस्टीनची आई, मुलासाठी वर्षानुवर्षं रडून प्रार्थना करणारी. ऑगस्टीनचा बाप्तिस्मा 387 मध्ये झाला, तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता. खरं आहे, पण ही गोष्ट मला आयांना सांगायला आवडत नाही, कारण त्यातून एवढंच उरतं की चांगली ख्रिस्ती आई म्हणजे रडणारी आई. तुमच्या मुलांनी तुम्हाला उपासनेतून हसत घरी येताना बघायला हवं. महिला मंडळाची सभा असेल तर जा, आणि तिथे ‘माझा मुलगा येत नाही’ हे मोकळेपणाने बोला. निम्म्या बायका मान डोलावतील, बघा.

राहिला रविवार. टेस्ट खरी असेल तर तो टेस्टला जाऊ दे, आणि जवळच्या एखाद्या मंडळीत संध्याकाळची उपासना असेल तर महिन्यातून एकदा सगळे तिथे जा, येताना बाहेर जेवा. धाकटीचं संडे स्कूल चालू ठेवा. ती अजून लहान आहे, तिथे तिच्या मैत्रिणी आहेत, मोठ्याची सवलत तिला लागू नाही. घरी रात्री जेवणानंतर दहा मिनिटं पुरेत. लांबलचक प्रार्थना नको, त्यात आया मुलांच्या तक्रारी देवाला सांगतात आणि मुलं डोळे मिटून सगळं ऐकत असतात. मार्कपासून सुरू करा. चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं तेच, 16 अध्याय, आणि फारसं कुठे थांबत नाही. इंग्लिश मीडियमच्या मुलाला आपल्या जुन्या भाषांतराचं मराठी जड जातं, तर त्याने इंग्रजीत वाचावं, धाकटीने आणि तुम्ही मराठीत. एक परिच्छेद तो, एक तुम्ही. नवरा टीव्हीचा आवाज कमी करून तिथेच बसला असेल तर बसू द्या, काही म्हणू नका.