मेमरी कमीच लागते, मग नोड रखडतो का?

प्रश्न : शिकण्यासाठी गो भाषेत छोटी ब्लॉकचेन लिहिली आहे. तिचा नोड, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम, ब्लॉक तपासायला फार वेळ लावतो. पीप्रॉफ (गोचं वेळ आणि मेमरी मोजणारं साधन) म्हणतं, बराचसा वेळ गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको झालेली मेमरी साफ करणारा, खातो. पण मेमरी तर जेमतेम 200 एमबी वापरात दिसते! रॅम वाढवली, फरक शून्य.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : रॅमचे पैसे गेले ते गेलेच. पीप्रॉफचा हीपचा (प्रोग्रॅमने चालताना मागून घेतलेल्या मेमरीचा) अहवाल नुसता उघडला, तर तो फक्त आत्ता वापरात असलेली मेमरी दाखवतो. पंगत उठल्यावर मांडव स्वच्छच दिसतो. दिवसभरात किती पत्रावळी मांडल्या आणि उष्टी काढणाऱ्याची कंबर किती मोडली, ते त्यावरून कळत नाही. त्यात ‘अलॉक ऑब्जेक्ट्स’ निवडून बघा, म्हणजे एकूण किती पत्रावळी मांडल्या ते दिसेल. बेंचमार्क (वेगाची चाचणी) चालवताना ‘बेंचमेम’ही लावा; दर फेरीला किती मेमरी मागितली, ते कळेल.

माझ्या स्वतःच्या नोडमध्ये चोर निघाला तो हॅश, म्हणजे ब्लॉकचा किंवा व्यवहाराचा बोटाचा ठसा. 32 बाइटचा हॅश मी दर वेळी 64 अक्षरांचा मजकूर (हेक्स स्ट्रिंग) करून मॅपची, म्हणजे शोध-तक्त्याची, की म्हणून वापरत होतो. दर स्ट्रिंग म्हणजे नवी पत्रावळ. का, तर लॉगमध्ये वाचायला बरं! गोमध्ये 32 बाइटचा अ‍ॅरे थेट की म्हणून चालतो. हेक्स फक्त छापताना करा.

दुसरा संशयित ‘बिग इंट’, गोचा कितीही मोठा होऊ शकणारा पूर्णांक. त्याचे अंक स्लाइसमध्ये (लांबी बदलू शकणाऱ्या यादीत) राहतात, म्हणजे बहुधा हीपवर. इथेरियम ब्लॉकचेनच्या गेथ या गोमधल्या नोडने 2020 मध्ये ईव्हीएमच्या (तिच्यावरचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेच्या) स्टॅकवरून तो काढून ठरावीक मापाचा 256 बिटांचा पूर्णांक आणला : 64 बिटांचे 4 तुकडे, बस्स. व्यवहारांची संख्या आधीच माहीत असेल, तर स्लाइसची क्षमताही आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती वाढताना पुन्हा पुन्हा नवी जागा मागणार नाही.

‘सिंक पूल’ (वापरून झालेल्या वस्तू न टाकता पुन्हा वापरण्याची सोय) मात्र शेवटी. तिथे पत्रावळीऐवजी स्टीलची ताटं आली, म्हणजे ती धुणंही आलं. मी एकदा बफर (बाइट ठेवायची तात्पुरती जागा) रिकामा न करता परत वापरला. आधीच्या व्यवहाराचे बाइट पुढच्यात मिसळले आणि हॅश जुळेना. अख्खी संध्याकाळ मी सहीच्या कोडला शिव्या घालत बसलो होतो.

‘गोजीसी’ (कलेक्टरने कधी धावायचं ते ठरवणारी सेटिंग) 100 वरून 200 केलंत, तर कलेक्टर कमी वेळा धावेल, पण मेमरी जास्त लागेल आणि कचरा तेवढाच होईल. एवढं करून प्रोफाइलमध्ये सह्यांची तपासणीच वर आली, तर अलोकेशनचा, म्हणजे मेमरी मागणं कमी करण्याचा, नाद सोडा. ते गणित आहे. त्या सह्या वेगवेगळ्या गोरूटीनमध्ये (एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामांमध्ये) वाटून द्या.