मैदानावरचे शब्द : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : निवडणुकीचा निकाल लागला की ‘अमक्याला धोबीपछाड’ असा मथळा हमखास दिसतो. कुस्तीत हा डाव नेमका कसा मारतात? (पंचवटी)

उत्तर : धोबी ओला कपडा खांद्यावरून फिरवून दगडावर आपटतो, नाव तिथून आले. डाव उभ्या कुस्तीतला. खडाखडी चालू असताना समोरचा रेटा देत अंगावर आला की त्याचा एक हात दंडाजवळ दोन्ही हातांनी घट्ट धरायचा. त्याच दमात गिरकी घेऊन त्याच्याकडे पाठ करायची, गुडघे वाकवून आपली कंबर त्याच्या कमरेखाली घालायची आणि धरलेला हात छातीशी ओढत पुढे वाकायचे. तो खांद्यावरून येतो आणि पाठीवर पडतो.

डाव फसतो तो बहुतेक वेळा कंबर वर राहिल्यामुळे. गुडघे ताठ ठेवून फिरले की दोघांच्या अंगांत फट राहते, वजन पाठीवर येत नाही आणि ज्याला फेकायचे तोच मागून कमरेला कव घालतो. हात मनगटाशी धरला तर घामाने निसटतो, आपली पाठ मात्र त्याच्याकडे उघडी पडलेली असते. आणि समोरचा मागे रेललेला असताना हा डाव टाकूच नये. त्याचा रेटाच नसेल तर उचलणार कशाच्या जोरावर? नवख्यांना वस्ताद आधी नुसती गिरकी आणि बैठक घोटून घ्यायला लावतात, फेक नंतर.

म्हणूनच मथळ्यांबद्दल आमचे स्पष्ट मत आहे. प्रत्येक पराभव म्हणजे धोबीपछाड नव्हे. जो जोर करून अंगावर आला आणि त्याच जोराने उताणा पडला, त्यालाच हा शब्द लावावा. थोडक्या मतांनी हरलेल्याला लावला की शब्दाची धार जाते.

मातीवर पाठ टेकली की कुस्ती चीतपट, हिशेब संपला. मॅटवर गुण मोजतात. फ्रीस्टाइलमध्ये उभ्या प्रतिस्पर्ध्याला थेट पाठीवर आणले तर ४ गुण, फेक उंच आणि मोठ्या कमानीची असेल तर ५. आघाडी १० गुणांची झाली की लढत तिथेच थांबवतात.

प्रश्न : धावपटू कविता राऊतला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ का म्हणतात? (सिडको)

उत्तर : सावरपाडा हे आपल्याच नाशिक जिल्ह्यातले, हरसूल भागातले तिचे गाव. गावाच्या नावापुढे ‘एक्स्प्रेस’ जोडायची पद्धत तिच्या आधीपासूनची आहे. केरळातल्या पय्योलीची पी. टी. उषा ‘पय्योली एक्स्प्रेस’ झाली, पाकिस्तानचा शोएब अख्तर ‘रावळपिंडी एक्स्प्रेस’. फरक इतकाच, की ते दोघे क्षणभराच्या वेगाचे. उषाचे १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमधले ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. कविताची शर्यत १०,००० मीटरची, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर २५ फेऱ्या. तिथे पहिल्या चार-पाच फेऱ्या उत्साहात जोरात काढल्या की पुढे पाय जड होतात. प्रत्येक फेरी सारख्या वेळेत काढायची आणि शेवटच्या फेरीसाठी दम राखायचा, हे तिथले कसब. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेतले ब्राँझ आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेतले रौप्य, दोन्ही २०१० मध्ये, तिने याच अंतरावर मिळवले. पाड्याचे नाव देशभर पोचवणारे टोपणनाव जिल्ह्यात दुसरे आठवत नाही.

प्रश्न : हॅटट्रिकमध्ये हॅट कुठून आली? आणि ‘चायनामन’ हा शब्द समालोचक हल्ली का टाळतात? (नाशिकरोड)

उत्तर : १८५८ मध्ये शेफील्डला एच. एच. स्टीफन्सन याने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. लोकांनी वर्गणी काढून त्याला हॅट घेऊन दिली. हॅटट्रिक मोजताना एक लक्षात ठेवा : मध्ये कोणी धावबाद झाला तर तो बळी गोलंदाजाच्या नावावर लागत नाही, त्यामुळे साखळी तुटते. षटक संपले म्हणून मात्र ती तुटत नाही. पुढच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवरही हॅटट्रिक पुरी होते.

‘चायनामन’ म्हणजे डावखुऱ्याने मनगटाने वळवलेला, उजव्या फलंदाजाच्या आत येणारा चेंडू. आपला कुलदीप यादव याच जातीचा गोलंदाज. १९३३ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला वेस्ट इंडिजच्या, चिनी वंशाच्या एलिस अचाँगने इंग्लंडच्या वॉल्टर रॉबिन्सला यष्टिचीत करवले, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. गोष्ट रंगतदार आहे, पण हा शब्द त्याआधीच इंग्लिश वर्तमानपत्रांत छापून आला होता, म्हणजे जन्मकथा म्हणून ती टिकत नाही. अशा कुठल्याही कथेला आधी हीच कसोटी लावावी : माणूस आधी की शब्द आधी? शब्द टाळायचे कारण साधे आहे, तो एका समाजाला हिणवणारा वाटतो. ‘विस्डेन’ या क्रिकेटच्या इंग्लिश वार्षिकाने २०१८ मध्ये तो सोडला. मराठीत ‘डावखुरा मनगटी फिरकी गोलंदाज’ म्हटले की काम भागते.

प्रश्न : गल्लीत पोरे ‘बट्टा, बट्टा’ ओरडतात ते काय? (सिन्नर)

उत्तर : चेंडू टाकण्याऐवजी फेकला, म्हणजे कोपर वाकवून झटक्याने सरळ केले, तर तो बट्टा. नियमात कोपर १५ अंशांपर्यंत सरळ झालेले चालते, पण ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून गल्लीतली भांडणे मिटत नाहीत.

प्रश्न : कबड्डीतला ‘लोण’ आणि आट्यापाट्यांतला ‘लोण’ एकच का? (इगतपुरी)

उत्तर : शब्द एक, काम वेगळे. आट्यापाट्यांत सगळ्या पाट्या ओलांडून शेवटपर्यंत जायचे आणि तसेच परत यायचे, हे साधले की लोण. कबड्डीत समोरचे सातही गडी बाद केले की लोण, त्याचे जादा २ गुण. मग ते सातही जण पुन्हा आत येतात. इथेच खरी चाल आहे. एकटा-दुकटा उरलेला संघ तग धरून बसला तर त्याचे बाकीचे गडी बाहेरच राहतात. म्हणून काही संघ लोण लवकर पत्करतात आणि पूर्ण ताकदीने खेळायला मोकळे होतात. उलट प्रो कबड्डीत तीन किंवा कमी गडी असताना पकड साधली तर ‘सुपर टॅकल’चा एक गुण जास्त मिळतो, त्यामुळे दोघे-तिघे उरले असतील तर थांबून पकडीची वाट पाहणेही फायद्याचे ठरते. सामन्याची किती मिनिटे उरली आहेत आणि गुणांत अंतर किती आहे, यावर कर्णधाराने दोन्हींतले एक निवडायचे.