पोलीस आणि लष्कराच्या पिस्तुलासाठी ९ एमएम बरं की .४५?

प्रश्न : अमेरिकन .४५ ची गोळी माणसाला जागेवर पाडते म्हणतात. मग आपले पोलीस आणि सैन्य ९ एमएमच का वापरतात? परवान्यावर मिळणारं .३२ या दोघांपुढे कुठे बसतं?

उत्तर : मला निवडायला सांगितलं तर ९ एमएम. मी माजी सैनिक, सध्या महापे एमआयडीसीत एका कंपनीची सुरक्षा बघतो. हा वाद चहाच्या टपरीवर नेहमी ऐकतो, आणि घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी .४५ फक्त पडद्यावर पाहिलेलं असतं.

आधी आकडे बघा. ही नावं म्हणजे गोळीच्या जाडीची मापं : ९ एमएम मिलिमीटरमध्ये, .४५ आणि .३२ इंचात. ९ एमएमची १२४ ग्रेनची गोळी भरते ८ ग्रॅम आणि सुटते सेकंदाला साधारण ३६० मीटरने. .४५ ची २३० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ १५ ग्रॅम, पण तिचा वेग २५५-२६० मीटरच. हिशेब केलात तर दोघींची ऊर्जा ५०० ज्यूलच्या आगेमागे येते. एके-४७ ची गोळी मात्र २००० ज्यूल घेऊन निघते. पिस्तुलाची गोळी ज्या वाटेने जाते तेवढंच फाडते. रायफलच्या गोळीने आजूबाजूचं मांसही ताणून फाटतं. त्यामुळे २६/११ च्या रात्री सीएसटीवर पोलिसांकडे .४५ असतं तर काय झालं असतं, या चर्चेत मला काही दम वाटत नाही. समोर एके-४७ असताना लागते ती रायफल.

.४५ चा दबदबा आला फिलिपिन्समधून. तिथल्या मोरो लढवय्यांना .३८ रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या आवरेनात, म्हणून अमेरिकन सैन्याने १९०४ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यात जनावरांवर आणि मृतदेहांवर चाचण्या घेतल्या आणि मोठ्या बोअरचा (नळीच्या तोंडाच्या मापाचा) आग्रह धरला. त्यातून ब्राउनिंग या बंदूक घडवणाऱ्याचं एम १९११ हे .४५ पिस्तूल आलं. ते दमदार पिस्तूल खरं, पण मॅगझिनमध्ये राउंड (काडतुसं) सातच. १९८५ मध्ये त्याच सैन्याने ९ एमएमचं बेरेटा घेतलं, आणि २०१७ मध्ये पिस्तूल बदललं तेव्हाही बोअर ९ एमएमच ठेवला.

पोलिसांच्या बाजूची गोष्ट जास्त शिकण्यासारखी आहे. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयच्या आठ जणांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली आणि दोन एजंट मारले गेले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ एमएमची गोळी लागली होती, पण ती दंडातून छातीत शिरून हृदयाच्या अलीकडे थांबली. तो पुढेही रायफल चालवत राहिला. खापर फुटलं ९ एमएमवर. एफबीआय १० एमएमकडे वळली, गोळी सुटताना हाताला बसणारा त्याचा झटका अनेकांना झेपेना, मग १९९० मध्ये .४० आलं. पुढे गोळ्यांची बनावट सुधारली आणि २०१४ मध्ये एफबीआयच्याच प्रशिक्षण विभागाने परत ९ एमएमची शिफारस केली. कारण अगदी रेंजवरचं आहे : बहुतेक जण ९ एमएमने जास्त झटपट आणि जास्त नेमका फायर करतात.

खरी मेख इथेच आहे. झटका कमी असला की दुसरा राउंड लवकर नेमावर येतो. ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनणारं आपलं ९ एमएम १ए हे ब्राउनिंगच्या हाय-पॉवर पिस्तुलाचंच रूप. मॅगझिन १३ राउंडचं. ग्लॉक १७ या पिस्तुलात १७ बसतात. शिवाय तोच राउंड कार्बाइनमध्येही (आखूड नळीच्या बंदुकीत) चालतो, म्हणजे दारूगोळ्याचा पुरवठा एकच. जो शिपाई वर्षाकाठी मोजकेच राउंड झाडतो, त्याच्या हाती .४५ दिलंत तर ग्रुपिंग (निशाण्यावर गोळ्या किती जवळजवळ लागतात ते) आणखी पसरेल, दुसरं काही होणार नाही.

आता ठाणे स्टेशनचा पूल संध्याकाळी सातला डोळ्यांसमोर आणा. साधी, तांब्याच्या कवचाची ९ एमएम गोळी माणसातून आरपार जाऊन मागच्याला लागू शकते, आणि तिथे मागे कोणीतरी असतंच. .४५ ची साधी गोळीही आरपार जाते, फक्त त्याबद्दल कोणी बोलत नाही. इथे बोअर बदलून भागत नाही, गोळी बदलावी लागते. टोक पोकळ असलेली गोळी शरीरात शिरताच फुलते आणि बहुतेकदा आतच थांबते. युद्धात अशी गोळी १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने निषिद्ध ठरली (ज्या दमदमच्या कारखान्याचं नाव तिला चिकटलं तो आपल्याच कोलकात्याजवळचा). पण तो जाहीरनामा युद्धापुरता आहे, आणि अनेक देशांचे पोलीस ही गोळी वापरतात. गर्दीच्या शहरांतल्या पोलिसांना ती द्यावी असं माझं मत आहे. क्रूर वाटली तरी बघ्यांसाठी कमी धोक्याची.

राहिलं .३२. ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर असल्यामुळे सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही, म्हणून लोक .३२ घेतात. .३२ पिस्तुलाची गोळी साडेचार ग्रॅमच्या आसपास, ऊर्जा २०० ज्यूलच्याही खाली, म्हणजे ९ एमएमच्या निम्मीसुद्धा नाही. जीव घ्यायला तीही पुरते, तेव्हा खेळणं समजू नका. पण सर्व्हिस पिस्तुलांच्या रांगेत तिला मी बसवणार नाही. आमच्या गेटवरच्या गार्डकडे तर बारा बोअरची छर्ऱ्याची बंदूकच आहे, आणि दहा पावलांवर तिच्यापुढे ही तिन्ही पिस्तुलं फिकी.