मुंबई पूर्वेकडून बघ

चि. बाळ,

मुंबईला शिकायला येतेयस, हे तुझं पत्र मिळालं. मॉरिशसच्या पोर्ट लुईत वाढलेली मुलगी इतकं सरळ मराठी लिहिते, वाचून बरं वाटलं. फक्त मॅडम नको, मावशी म्हण.

आधी कटकटीचं काम. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. ऑनलाइन होते, पण राहत्या पत्त्याचा कागद लागतो. हॉस्टेलकडून तो पहिल्याच दिवशी मागून घे.

आता मुंबई. सगळे तुला मरीन ड्राइव्हला नेतील. जा, कणीस खा. पण ते बंदर नव्हे. ज्याच्या जिवावर हे शहर उभं राहिलं ते बंदर पूर्वेला, गोदीच्या भिंतींआड आहे. मी तीस वर्षं चेंबूरहून सीएसएमटीला हार्बर लाइनच्या लोकलने गेले. नाव हार्बर, पण खिडकीतून बंदर काही दिसायचं नाही. दिसायची ती गोदामं. कॉटन ग्रीन स्टेशनला तर ना ग्रीन, ना आता कॉटन.

खापरपणजोबा मुंबईहून गेले एवढंच घरी माहीत आहे, असं तू लिहिलंस. मॉरिशसला करारावर मजूर न्यायला १८३४मध्ये सुरुवात झाली. आपलं ससून डॉक १८७५चं, प्रिन्सेस डॉक १८८०चं. ते त्याआधी गेले असतील, तर यातलं काहीच त्यांनी पाहिलेलं नाही. तेव्हा त्यांची गोदी शोधत बसू नकोस. भाऊच्या धक्क्यावरून पलीकडे उरणजवळच्या मोऱ्याची लाँच पकड आणि पाण्यातून मागे वळून बघ. शहर मागे पडताना त्यांना कसं वाटलं असेल, त्याचा थोडा अंदाज येईल.

ओहोटीला मोऱ्याकडे गाळ उघडा पडतो, लाँच लागत नाही. म्हणून तिकडची माणसं आधी भरती कितीला, ते विचारतात. तूही ती सवय लाव. साडेचार मीटरच्या वर भरती आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस असला, की पाणी समुद्रात जायला वाटच राहत नाही. हिंदमाता, सायन तुंबतं. तुझं कलिना मिठी नदीच्या जवळ. २६ जुलै २००५च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद झाली. ती रात्र मी ऑफिसातल्या टेबलावर काढली. अशा दिवशी कॉलेज बुडालं तरी चालेल, हॉस्टेल सोडायचं नाही.

लेडीज डब्यात अनोळखी बाई विचारेल, “कुठे उतरणार?” ती चौकशी नव्हे, तुझी सीट मागतेय. “वडाळा” म्हणालीस की ती जागा तिची झाली. तूही बेधडक विचार. आणि दाराशी उभ्या असलेल्यांना “वडाळा उतरणार का?” हे एक स्टेशन आधी विचारायचं. स्टेशन आल्यावर विचारलंस तर पुढच्या स्टेशनला उतरशील.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्यामुळे ससून डॉकला ऑगस्टनंतरच जाऊ. भाऊच्या धक्क्याला मात्र आलीस की लगेच, बंदरावर वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला नसेल तर. कुर्ल्याहून हार्बर पकड, डॉकयार्ड रोडला उतर, तिकीट खिडकीपाशी मी उभी असेन. शनिवारी ये. रविवारी मेगाब्लॉक असतो.

तुझी,
मावशी