रिपोर्ट नॉर्मल, तरी कान गच्च आणि डोकं गरगर: वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी कानातल्या मळावर लिहिलं होतं, त्यावर प्रश्न आले ते मळाचे कमी आणि चक्करचेच जास्त. त्यातल्या जवळपास प्रत्येकात एक वाक्य होतंच, "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत पण मला बरं वाटत नाही". तर यावेळी तेच घेऊया. कान न बघता, पेशंटला न तपासता निदान होत नाही, त्यामुळे खाली मी जे लिहितेय त्या शक्यता आहेत, तुमच्या डॉक्टरांशी बोलायला उपयोगी पडतील एवढ्यासाठी.

वय ३८, ठाणे. दीड वर्षापूर्वी ताप आला, मग दोन दिवस एवढी चक्कर की बेडवरून उठता येईना, उलट्याच उलट्या. ती गेली, पण तेव्हापासून रोज दोन्ही कान गच्च आणि चालताना गादीवरून चालल्यासारखं वाटतं. मॉलमध्ये, गर्दीत, मोबाईल स्क्रोल करताना जास्त. एमआरआय, ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी), रक्त सगळं नॉर्मल. घरी म्हणतात मनाचं आहे. खरंच मनाचं असतं का असं?

ताई, तुम्हाला होतंय ते खरं आहे आणि त्याला नावही आहे. पण आधी सुरुवातीचं बघू. तापानंतरची ती दोन दिवसांची जबरदस्त चक्कर म्हणजे बहुतेक एका कानाच्या तोलाच्या नसेला सूज आली होती, व्हायरल नंतर येते तशी. अशा वेळी मेंदू कानावरचा भरवसा काढून घेतो आणि डोळे आणि पाय यांच्यावर तोल सांभाळायला लागतो, मान आणि खांदे आवळून धरतो, प्रत्येक पाऊल जपून टाकतो. ते त्या दिवसांपुरतं बरोबरच असतं. नस सावरली की बहुतेकांचा मेंदू परत जुन्या पद्धतीवर येतो. काहींचा येत नाही. घरात एकदा चोरी झाली की पुढे कित्येक महिने मांजराने भांडं पाडलं तरी माणसं दचकून उठून बसतात ना, तसं होतं ते. चोर गेलेला असतो, पहारा चालूच राहतो.

याला पीपीपीडी म्हणतात, म्हणजे सतत राहणारी, उभं राहिल्यावर आणि हालचालीने वाढणारी चक्कर. बारानी सोसायटी नावाची चक्करतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे (ज्यांच्या नावाने ती आहे त्या रॉबर्ट बारानींना कानातल्या तोलाच्या यंत्रणेवरच्या कामासाठी १९१४ चं नोबेल मिळालं), त्यांनी २०१७ मध्ये याचे निकष छापले. तीन महिने किंवा जास्त, बहुतेक दिवस, गोल फिरण्यापेक्षा डुलल्यासारखं, उभं राहिल्यावर, हालचालीने आणि डोळ्यांसमोर खूप काही हलत असेल तेव्हा जास्त. डी-मार्टच्या रॅकमधून चालताना, लोकल प्लॅटफॉर्मवर येताना. तुमचं वर्णन त्यात बऱ्यापैकी बसतंय. एमआरआय नॉर्मल का तर तो मेंदूची बांधणी दाखवतो, कामाची सवय दाखवत नाही, आणि बिघडलेली आहे ती सवय.

कानाचा दाब मात्र या निकषांत नाही. ही तक्रार अशा पेशंटमध्ये मी खूप ऐकते, पण म्हणून ती चक्करच्याच खात्यात टाकून मोकळं होऊ नये, जबडा, मान, मायग्रेन हे वेगळं बघायला हवं. पुढच्या दोन-तीन उत्तरांत ते येईलच.

उपाय काय. पहिला म्हणजे व्यायाम, आणि तो यूट्यूबवरून नाही, वेस्टिब्युलर रिहॅब, म्हणजे तोल परत शिकवणारे व्यायाम, शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून. साधारण असा की हाताच्या अंतरावर एक अक्षर धरायचं, नजर त्यावरच ठेवून डोकं डावीकडे उजवीकडे हलवायचं, सुरुवातीला काही सेकंदच, मग हळूहळू वाढवत न्यायचं. व्यायामाने थोडं गरगरणारच, पंधरावीस मिनिटांत खाली आलं तर डोस बरोबर आहे, संध्याकाळपर्यंत आडवं पडावं लागलं तर जास्त झाला. गर्दीचंही तसंच, एकदम शनिवारी संध्याकाळी मॉलला नाही, सकाळी रिकाम्या दुकानात पाच मिनिटं. पण जायचं. टाळत राहिलात तर पहारा उठत नाही.

दुसरा उपाय एसएसआरआय गटातली गोळी, कमी डोसने सुरू करून. हे नाव ऐकलं की लोक चिठ्ठी घडी करून ठेवून देतात, कारण केमिस्ट सांगतो डिप्रेशनची आहे. ती इथे तोलाच्या यंत्रणेतली अतिसावधता उतरवायला देतात, डिप्रेशन असो वा नसो. परिणाम कळायला दोन-तीन महिने जातात आणि बरं वाटलं तरी बहुधा वर्षभर चालू ठेवतात, आपणच बंद करायची नाही. सोबत सीबीटी पद्धतीचं, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारं, समुपदेशन मिळालं तर उत्तम. आणि घरच्यांना सांगा, काळजीने चक्कर वाढते आणि चक्करने काळजी वाढते, दोन्ही खरंच आहे, पण त्यावरून तुम्ही नाटक करताय असं निघत नाही.

वय २७, हिंजवडी, आयटी. उजव्या कानाला सतत दडा बसल्यासारखं. दिवसभर नाक दाबून फुंकतो, क्षणभर कान उघडतो परत तेच. नाकाचा स्प्रे चालू आहे. कधीकधी डोकं हलकं होतं. ईएनटी म्हणतात कान स्वच्छ आहे.

दादा, आधी ते फुंकणं थांबव. प्रत्येक वेळी पडदा ताणला जातो, मग तो ताणच दाबासारखा जाणवतो, मग परत फुंकायचं, हे चक्र तुझं तूच चालवतोयस. आणि जोर लावून फुंकलं की डोकं हलकं होणारच.

घशातून मधल्या कानात हवा नेणारी नळी असते, मोठ्या माणसात जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, गिळताना आणि जांभई देताना क्षणभर उघडते. ती चोंदली आहे की नाही हे टिंपॅनोग्राम नावाच्या टेस्टवर कळतं, पाच मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. 'ए' टाईप आला तर टेस्टच्या वेळी तरी पडद्याच्या दोन्ही बाजूंना दाब सारखा आहे, मग नळी उघडायच्या मागे लागून उपयोग नाही. 'सी' म्हणजे आत दाब कमी, 'बी' सपाट, तेव्हा आत पाणी आहे का ते बघायचं. नाक मोकळं करणारे जे झटपट स्प्रे असतात ते आठवड्याच्या वर मारू नये, उलट नाक जास्त चोंदतं. ॲलर्जीचे स्टिरॉईड स्प्रे वेगळे, कोणता आहे ते डॉक्टरांना दाखव.

'ए' टाईप असेल तर मी आधी जबडा बघेन. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड हळू उघडमिट कर, कट्ट वाजतं का, दुखतं का, तोंड वाकडं उघडतं का? सकाळी उठल्यावर गाल अवघडलेले असतात का? जबड्याचा सांधा आणि कान यांच्यात पातळ भिंतच आहे आणि तिथल्या नसाही शेजारच्या, त्यामुळे जबडा आवळला की दाब कानात जाणवतो. डेडलाईनच्या आठवड्यात दात आवळून कोड लिहिणारी मंडळी माझ्याकडे बरीच येतात. ओठ मिटलेले, दात सुटे, ही सवय लाव, च्युइंगम आणि सुपारी बंद, काही आठवडे कडक चावायचं टाळ, गालाला गरम शेक. रात्री दात खात असशील तर डेंटिस्टकडून नाईट गार्ड (दातांवर बसवायचं कवच).

एक वेगळी गंमत सांगते. स्वतःचाच आवाज आणि श्वास कानात घुमत असेल आणि आडवं झाल्यावर बरं वाटत असेल तर नळी बंद नसून उघडीच राहिलेली असू शकते, पटकन वजन उतरवलेल्यांत दिसतं हे. त्यात ते नाक सुकवणारे स्प्रे त्रास वाढवतात.

वय ६३, सांगली. कुशीवर वळलो की खोली गोल फिरते, मग थांबते. एक्सरेत मानेचा स्पाँडिलोसिस (मणक्यांची झीज) निघाला. दोन-तीन वर्षं पट्टा लावतो, चक्करसाठी व्हर्टिन आणि सिनारिझिनची गोळी रोज घेतो. दिवसभर तोल नसल्यासारखा, कान जड. अजून किती दिवस घ्यायच्या?

काका, साठीनंतर मानेचा एक्सरे काढला तर स्पाँडिलोसिस बहुतेकांना निघतो, चक्कर नसलेल्यांनाही. बिचाऱ्या मानेवर आपल्याकडे सगळं खापर फुटतं. कुशीवर वळल्यावर मिनिटाच्या आत थांबणारी चक्कर ही जवळपास कायम कानातली असते, बीपीपीव्ही. कानाच्या आत कॅल्शियमचे बारीक खडे असतात, ते जागेवरून सुटून तोलाच्या नळीत शिरतात, डोकं हललं की ते घरंगळतात आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. १९५२ पासून डिक्स-हॉलपाईक नावाची तपासणी आहे, बसलेल्या पेशंटला मान वळवून झटकन आडवं करायचं आणि डोळे बघायचे. मशीन लागत नाही, फक्त कोणीतरी ती करायला हवी. पॉझिटिव्ह आली तर एप्लीची पद्धत, १९९२ मध्ये छापली गेली, डोकं ठराविक क्रमाने वळवून खडे परत जागेवर न्यायचे. काही मिनिटं. बऱ्याच जणांना एकदोन बैठकीत फरक पडतो, पुढे कधी परत होऊ शकतं, परत करायचं.

खडे गोळीने हलत नाहीत. व्हर्टिनने तुमचं नुकसान झालं नसेल पण यात उपयोगही नाही. सिनारिझिनचं मात्र मला पटत नाही. अशी गोळी, किंवा प्रोक्लोरपेराझिन, तीव्र चक्करमध्ये दोन-तीन दिवस ठीक, वर्षानुवर्षं घेतली तर मेंदूला तोल परत शिकूच देत नाही, सुस्ती आणते, आणि साठीच्या पुढे हात थरथरणं, चाल मंदावणं असा पार्किन्सनसारखा त्रास देऊ शकते. चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि बंद करायची का, कशी करायची ते विचारा. पट्टाही रोज लावून मानेचे स्नायू कमजोर होतात. आणि बीपी आडवं असताना एकदा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांत एकदा मोजायला सांगा, वरचा आकडा २० ने पडला तर दिवसभरच्या अधांतरी वाटण्याचं उत्तर तिथेही असेल, विशेषतः बीपी किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर.

वय ४५, शिक्षिका, नाशिक. महिन्यातून एकदोनदा चक्कर, काही तास राहते, एक कान भरतो, उजेड सहन होत नाही. डोकं दुखत नाही हल्ली, कॉलेजात असताना अर्धशिशी होती. एका डॉक्टरांनी मिनिअर म्हटलं, दुसऱ्यांनी मायग्रेन.

दोघांचंही बरोबर असू शकतं इतके हे दोन आजार एकमेकांत मिसळतात. मिनिअरमध्ये (पॅरिसच्या प्रॉस्पेर मिनिअर यांनी १८६१ मध्ये पहिल्यांदा ठामपणे सांगितलं की ही चक्कर कानातून येते) झटका साधारण वीस मिनिटं ते बारा तास, कान भरणं, आवाज येणं, आणि मुख्य म्हणजे ऑडिओग्रामवर त्या कानाचे खालच्या पट्टीचे सूर कमी झालेले दिसतात. वेस्टिब्युलर मायग्रेनमध्ये पाच मिनिटं ते बहात्तर तास काहीही, उजेड आवाज नकोसा, पूर्वीची अर्धशिशी, आणि हो, डोकं न दुखताही होतं. तुमच्या लिहिण्यावरून माझं झुकतं माप मायग्रेनला, पण ठरवणार ऑडिओग्राम. तो झटक्याच्या वेळी किंवा लगेच दुसऱ्या दिवशी काढा, सगळं शांत असताना काढलेला नॉर्मल येऊन काही सांगत नाही.

तोवर एक वही घाला. कधी सुरू, किती वेळ, आदल्या रात्री झोप किती, पाळीची तारीख, काय खाल्लं, काय खाल्लं नाही. न खाल्लेलं जास्त महत्त्वाचं, चतुर्थीला दिवसभर चहावर काढून रात्री उपास सोडणाऱ्या बायकांची वही मी बघितली की कारण तिथेच सापडतं. दोन-तीन महिन्यांची वही घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे गेलात तर प्रतिबंधक गोळीचं नीट ठरवता येईल. मिनिअर निघालं तर मीठ कमी, म्हणजे पापड, लोणचं, फरसाण यांच्याकडे आधी बघायचं.

कान गच्च झाल्यावर लसूण घालून कोमट तेल सोडलं तर चालतं का? आई नेहमी सोडते.

नको. पडद्याला भोक असेल तर आत जातं, पावसाळ्यात ओल्या कानात बुरशी धरते, आणि दाब पडद्याच्या पलीकडे असेल तर तेल तिथे पोचतच नाही. आईंना दुखवू नका, डोक्याला लावायला सांगा.

घाबरायचं कधी? प्रत्येक वेळी कान भरला की हॉस्पिटलला पळणं शक्य नाही.

बरोबर आहे, जुना ओळखीचा त्रास असेल तर पळायचं नाही. पण एका कानाने अचानक, काही तासांत किंवा दोनतीन दिवसांत, कमी ऐकू यायला लागलं तर ते कान भरणं समजून थेंब घालत बसू नका. आतल्या नसेचा बहिरेपणा सुरुवातीला निव्वळ गच्चपणासारखाच वाटतो. तोंड मिटून हुंकार द्या, मळ किंवा सर्दीने कान भरला असेल तर आवाज भरलेल्या कानात मोठा येतो, चांगल्या कानाकडे गेला तर नसेचा संशय. पण हुंकार कसाही आला तरी त्याच दिवशी ईएनटीकडे जा, त्याच दिवशी ऑडिओग्राम, कारण स्टिरॉईड जितक्या लवकर तितकी आशा जास्त, दोन आठवड्यांनंतर ती खूप कमी होते. आणि चक्करसोबत बोलणं अडखळलं, दोन दोन दिसलं, हातपाय किंवा तोंडाची एक बाजू लुळी पडली, आधाराशिवाय उभंच राहता येईना, किंवा कधी नव्हे असं भयानक डोकं दुखलं, तर ईएनटी नाही, थेट इमर्जन्सी.

स्कूटी चालवू का? नवरा नको म्हणतो, पण त्याशिवाय ऑफिसला जाणं अशक्य आहे.

झटके न सांगता आणि जोरात येत असतील तर नवऱ्याचं ऐका, निदान ते आटोक्यात येईपर्यंत. सुस्ती आणणारी गोळी नुकतीच सुरू झाली असेल तरी नको. रोजचं डुलल्यासारखं वाटणं असेल आणि झटका कधीच येत नसेल तर डॉक्टरांना विचारून आधी सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणीतरी बसवून. उड्डाणपूल आणि रात्रीचे समोरून येणारे दिवे शेवटी.