दोन रात्री तंबूत राहायचे असल्यास सोलर पॅनेल आणि बॅटरी किती क्षमतेची घ्यावी?

एक एलईडी दिवा, दोन मोबाइल आणि १२ व्होल्टचा छोटा पंखा एवढ्यासाठी ७५ वॉटचे पॅनेल, १२.८ व्होल्ट २० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि तिला जुळणारा चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज नियंत्रित करणारे उपकरण) पुरतो. रोजचा हिशेब असा: ५ वॉटचा दिवा ५ तास म्हणजे २५ वॉट-तास, मोबाइलचे सुमारे ४०, आणि १५ वॉटचा पंखा ८ तास म्हणजे १२०, एकूण १८५, तर बॅटरीत १२.८ × २० म्हणजे २५६ वॉट-तास मावतात. लेड-ॲसिड बॅटरी स्वस्त असली तरी ती निम्म्याहून अधिक उतरवल्यास तिचे आयुष्य घटते, म्हणून त्याच कामासाठी जवळजवळ दुप्पट क्षमतेचे आणि कितीतरी जड ओझे वाहावे लागते. मात्र पावसाळ्यात सह्याद्रीत ढगांमुळे पॅनेलवर विसंबता येत नाही; तेव्हा घरून पूर्ण चार्ज केलेली बॅटरी पंख्यासह एकच रात्र निभावते.